यंत्राला सांगायचा संकल्प

आमच्या दादाच्या मनाला लागलं ते एका नारळामुळे.

झालं असं, की आमच्या झाशीच्या मराठी मंडळात गणपतीतली संध्याकाळची आरती होती. मंडळ म्हणजे आम्ही जुनी पंधरा-वीस घरं. तीच घरं, तेच चेहरे, दर वर्षी हॉलच्या चार पायऱ्या चढायला थोडा जास्त वेळ लागणारे. त्यात एक नवीन मुलगी दिसली. नवऱ्याची बदली होऊन छावणीत राहायला आलेली. मी तिच्या हातावर पेढा ठेवत विचारलं, "घरी बसवला की नाही गणपती?"

"बसवला ना काकू. पण गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते, साताऱ्याहून. फोन नारळाला टेकवून ठेवला होता. प्राणप्रतिष्ठा चालू असतानाच नेटवर्क गेलं. मग हे फोन घेऊन गच्चीवर गेले, उरलेले मंत्र तिथे ऐकले आणि खाली येऊन म्हणाले, झाली."

"अगं, पण इथे..."

"इथे मराठी गुरुजी नाहीतच ना. आम्ही नेटवर सगळीकडे शोधलं. झाशीत कुणीच नाही."

ती हे म्हणाली तेव्हा माझ्या शेजारी आरतीचं तबक घेऊन माझा चुलतभाऊ उभा होता. आयुष्यभर झाशीत मराठी पद्धतीच्या पूजा सांगणारा. तिच्या घरापासून फार तर वीस मिनिटांवर राहणारा. त्याने तबक तिच्यापुढे धरलं, तिने ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावला, आणि तो पुढच्या माणसाकडे सरकला. दादा रागावला की बोलतो. लागलं की गप्प होतो. त्या दिवशी त्याने प्रसादही घेतला नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमच्या पूर्वजांपैकी एकाला इकडे हिशेब लिहायला आणलं आणि एकाला पूजा सांगायला, असं घरात सांगतात. दोघांनाही परत जायचं कुणी सांगितलं नाही म्हणून आम्ही इथेच. दादाने दोन्ही पूर्वजांचा मान राखला: दिवसा बँकेत कारकुनी, सकाळ-संध्याकाळ पूजा. निवृत्त झाल्यावर म्हणाला, आता नुसत्या पूजाच करीन. आणि नेमक्या तेव्हाच पूजा आटल्या. जुन्या घरांतली मुलं बाहेरगावी गेली. छावणीत, रेल्वेत, मेडिकल कॉलेजात नवीन मराठी माणसं येत होती, पण त्यांना दादा माहीत नव्हता. पूर्वी नवीन माणूस गावात आला की आधी मंडळात यायचा. आता तो आधी फोनला विचारतो, आणि फोनलाही दादा माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले तर त्याने निर्णय घेऊन ठेवला होता.

"मुलगा पुण्याला बोलावतोच आहे," तो म्हणाला. "पुढच्या गणपतीपर्यंत बघतो. एका तरी नवीन घराने बोलावलं तर इथेच राहीन. नाही तर पोथ्या मंडळाच्या कपाटात ठेवायच्या आणि पुण्याला जाऊन नातवाला शाळेच्या बसवर सोडायचं."

"बसवर सोडायलासुद्धा मुहूर्त बघून निघतील," वहिनी आतून म्हणाली. "पोराची रोज बस चुकणार."

ती हसली, मी हसले. पण झाशीतलं माझं माहेर म्हणजे आता तेवढं एकच घर. ते बंद झालं की भाऊबीजेला ओवाळायलाही मला तिकीट काढायला लागणार. तेव्हा मागचा-पुढचा विचार न करता मी म्हणून गेले, "दादा, तुझी वेबसाइट मी करते."

आता मीच का? मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. शाळेच्या वेबसाइटवर एकदा होळीच्या सुट्टीची तारीख चुकली होती, ती मी दुरुस्त केली. माझा संगणकाशी संबंध एवढाच. पण आमच्या घराण्यात एकदा मिळालेली कीर्ती जात नाही. आमच्या एका काकांनी तरुणपणी कुणाचा तरी बंद रेडिओ चापट मारून चालू केला होता, तर मरेपर्यंत लोक त्यांच्याकडे मिक्सर आणत. तशी मी घरातली 'कम्प्यूटरवाली आत्या'.

वेबसाइट झाली. एकच पान, पण ते मी जीव ओतून लिहिलं. सुरुवात पूर्वजांपासून केली. ते कसे आले, किती दिवस चालले, वाटेत काय खाल्लं (हे मी रचलं). तीन परिच्छेद झाल्यावर दादाचा जन्म झाला, आणि पाचव्या परिच्छेदाच्या शेवटी त्याने पहिली पूजा सांगितली. फोटोत दादा सोवळं नेसून असा ताठ बसला होता, जणू त्यालाच कुणी आत्ता फुलं वाहणार आहे.

मग मी रोज दुपारी डबा खाऊन झाला की फोनवर 'मराठी पंडित झाशी' असं शोधायची. लग्न जुळवणारी मंडळं यायची, किल्ल्याच्या वेळा यायच्या, एक उपाहारगृहही यायचं. दादा यायचा नाही. पानाचा पूर्ण पत्ता टाकून उघडलं तर उघडायचं, पण ते बघणारी मी एकटीच.

"स्वतःच रांगोळी काढायची आणि स्वतःच रोज वाकून बघायची," नवरा म्हणाला. "शेजाऱ्यांनी बघावी असं वाटत असेल तर दाराबाहेर काढावी लागते."

मला राग आला, पण त्याहून जास्त प्रश्न पडला. पान तर बाहेरच आहे. सगळ्या जगाला दिसतंय. मग त्या शोधणाऱ्या यंत्राला का दिसत नाही?

हा प्रश्न मला इतका चावला की मी व्हिडिओ बघायला लागले. एका भैयाचे व्हिडिओ मला समजायचे, कारण तो दर वाक्यानंतर थांबून 'ठीक है?' म्हणायचा आणि मी घरात एकटी असताना 'ठीक है' म्हणायची. त्याच्याकडून कळलं ते असं. यंत्र पान वाचतं, पण कुठला शब्द कशाचा हे त्याला अंदाजाने ठरवायला लागतं. माझ्या पानावर अठरावं शतक होतं, घोडे होते, सरदार होते, आणि शेवटी कुठेतरी दादा. यंत्राने बिचाऱ्याने ते इतिहासाचं पान समजून बाजूला ठेवलं असणार. त्यावर उपाय असा, की पानाच्या पोटात, माणसांना न दिसणारा एक छोटा मजकूर ठेवायचा. त्यात एकेका ओळीत स्वच्छ सांगायचं: हा कोण, याचं नाव काय, हा राहतो कुठे, करतो काय, भेटतो कधी. याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. गोष्ट सांगायची नाही, नुसती माहिती खणाखणांत भरायची.

"लेकिन इससे आप ऊपर आ ही जाएँगे, इसकी गारंटी नहीं है," भैया शेवटी म्हणाला. "ठीक है?"

"ठीक है," मी म्हटलं.

रविवारी मी हे सगळं दादाला समजावायला गेले. वाटेत मनात उदाहरणं जुळवत होते, डब्यांची, कपाटांची. एकही लागलं नाही. माझं अर्धं वाक्य झालं नाही तोच दादा खुर्चीत पुढे सरकला.

"अगं, म्हणजे हा संकल्प झाला!"

"कसला संकल्प?"

"पूजेच्या आधी हातावर पळीभर पाणी घेऊन आपण काय सांगतो? आत्ता कोणतं संवत्सर, कोणता महिना, पक्ष, तिथी, वार. मग देश कोणता, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलोय. मग गोत्र, नाव. आणि शेवटी हे सगळं कशासाठी करतोय. ठरलेल्या क्रमाने. मग पाणी ताम्हनात सोडायचं." त्याने रिकाम्या तळव्यावरून नसलेलं पाणी सोडून दाखवलं. "देवाला काय हे माहीत नसतं? तरी सांगावं लागतं. तुझ्या यंत्राला तर काहीच माहीत नाही, मग त्याला नको सांगायला?"

हेच समजवायला भैयाला तीन व्हिडिओ लागले होते.

मग आम्ही खण भरायला बसलो. पहिलाच खण अडला. 'तुम्ही कोण' यासाठी एक तयार यादी होती, तिच्यातून निवडायचं. दातांचा डॉक्टर होता, कुलूपवाला होता, घर रंगवणारा होता, गोंदवणारासुद्धा होता. भटजी नव्हता.

"देऊळ आहे बघ यात," मी म्हटलं. "ते घालू?"

"मी काय देऊळ आहे?"

"आहातच की," वहिनी चहा ठेवत म्हणाली. "एका जागी बसून असता, नैवेद्य कधी येतो बघत."

शेवटी 'व्यावसायिक सेवा' असं काहीतरी मोघम निवडलं. दादाला ते आवडलं नाही, पण गोंदवणाऱ्यापेक्षा बरं म्हणाला. भेटण्याच्या वेळा विचारल्या तर तो म्हणे मुहूर्त असेल तेव्हा. वहिनीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दुपारी दोन ते चार बंद, असं लिही. घोरतात." दर किती, या खणात दादाने 'यथाशक्ती' लिहायला सांगितलं. सेवा कुठे देता, यात झाशी शहर, छावणी आणि टहरौली. टहरौलीला एकच मराठी घर आहे, शेती सांभाळणारं. तिथे तो दर वर्षी बसने अनंताच्या पूजेला जातो आणि परत येताना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा आणतो.

श्रावणावर मात्र अर्धा तास गेला. उत्तरेतला सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. इथे राहून आम्ही दोन्ही पाळतो. वहिनी तर सोमवारही दोन्हीकडचे धरते. दादाने बजावलं, "दोन्ही लिही. शोधणाऱ्याचा कुठला श्रावण असेल सांगता येत नाही." पंचांगाच्या बाबतीत आमचं घराणं असं चोख.

आता हा मजकूर यंत्राच्या भाषेत लिहायचा, तर तिथे कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम यांचं सोवळं-ओवळं भारी. एक चुकलं की सगळं बाटतं. भैया म्हणाला होता, कुणाचं तरी चांगलं चाललेलं पान उघडा, त्याच्या पोटातला मजकूर बघा आणि आपली माहिती घालून वापरा. दुसऱ्याच्या पानाच्या पोटातलं बघता येतं हे कळल्यापासून मी शेजारणीच्या डब्यात डोकावावं तशी जगभरची पानं उघडत सुटले होते. त्यात मला नाशिकच्या एका गुरुजींचं पान सापडलं. काय सुरेख मांडणी! मी ते उचललं. नाव बदललं, फोन बदलला, पत्ता बदलला, वेळा बदलल्या, पूजा बदलल्या. मध्ये दोन ओळींत नुसते लांबलचक आकडे होते, टिंब देऊन. परवान्याचा वगैरे नंबर असेल म्हणून मी त्यांना हात लावला नाही. ज्यातलं कळत नाही ते हलवू नये, हा आमच्या घरात देवघराचा नियम आहे.

तपासणीचं एक पान असतं, तिथे मजकूर टाकला की ते चुका दाखवतं. मी टाकला. हिरवी खूण आली. एकही चूक नाही. वहिनीने शिरा केला.

तीन-चार आठवडे काही झालं नाही. आणि मग एका सकाळी दादाचा फोन वाजला. मी तेव्हा तिथेच होते. दादाने माझ्याकडे बघत, घसा साफ करत फोन उचलला.

"गुरुजी, वास्तुशांत होती. पंचवटीत. तासाभरात येऊन जागा बघून जाल का?"

"पंचवटीत?" दादा म्हणाला. "बाई, मी आत्ता गाडीत बसलो तर उद्या पोचेन."

तिने विचारलं, का, इतकी गर्दी आहे का रस्त्यात?

त्या आठवड्यात आणखी फोन आले. कुणाची मुंज, कुणाचं बारसं, एकीला नुसतं चतुर्थीचा चंद्रोदय कधी ते हवं होतं. सगळे नाशिकहून. दादा प्रत्येकाशी सविस्तर बोलायचा. मुहूर्त काढून द्यायचा, साहित्याची यादी सांगायचा, आणि शेवटी नम्रपणे कळवायचा की आपण झाशीला असतो. चंद्रोदयवाल्या आजी तर दर चतुर्थीला फोन करायला लागल्या. झाशीतून मात्र एकही नाही.

"नाशिकमध्ये नाव झालं हो तुमचं," वहिनी म्हणाली. "आता पुण्याला न जाता तिकडेच जाऊ."

माझी झोप उडाली. मी तो मजकूर पुन्हा उघडला, ओळ न् ओळ वाचली, आणि त्या दोन आकड्यांवर आले. हे काय असेल, असा प्रश्न मला इतक्या उशिरा पडला याची लाज वाटते. आकडे नकाशात टाकले. नकाशा सरसर सरकला, झाशी मागे पडली, आणि लाल टाचणी जाऊन रोवली ती नाशिकला, नदीच्या काठावर. अक्षांश आणि रेखांश. घर पत्त्यात झाशीला होतं, टाचणीत नाशिकला, आणि यंत्राने बहुधा टाचणीवर विश्वास ठेवला. बहुधाच म्हणते. यंत्र आपल्या पोटातलं कुणाला सांगत नाही. हिरव्या खुणेचं म्हणाल तर तिने आकडे आकड्यांच्या जागी आहेत एवढंच पाहिलं होतं. ते खरे आहेत की नाहीत, हे बघणं तिचं काम नव्हतं. माझं होतं.

शाळा सुटल्यावर मी तशीच दादाकडे गेले आणि चोरी कबूल केली.

"म्हणजे इतके दिवस," मी म्हटलं, "आपण यंत्राला सांगतोय की तू गोदावरीच्या काठी बसला आहेस."

दादाचा चेहरा एकदम कोरा झाला. मला वाटलं, आता बोलणार. पण तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग उपरण्याने डोळे पुसत.

"मी काय म्हणतो माहीत आहे तुला?" तो म्हणाला. "संकल्पात? गोदावर्याः दक्षिणे तीरे. बाबा तेच म्हणायचे. आजोबा तेच. इथे झाशीत बसून, प्रत्येक पूजेत. गोदावरीच्या दक्षिण तीरावर!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू पहिली नाहीस. जो कुणी पहिला इकडे आला, त्यानेही तिकडचंच उचललं आणि नदी बदलायची राहिली."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. "थांबा थांबा," ती म्हणाली. "म्हणजे मी आजवर घातलेले सगळे सत्यनारायण नाशिकला पोचले?"

त्यावर आम्ही तिघंही हसलो, पण दादा लवकर थांबला. उठून कपाटातून आजोबांची वही काढली, मेणकापडी पुठ्ठ्याची. जाड शाईत गोदावरी होती. का, ते लिहिलेलं नव्हतं. वहीत कारणं नसतात, काय म्हणायचं एवढंच असतं.

"आठवण म्हणून ठेवली असेल," मी म्हटलं. "गाव सुटलं, नदी तरी राहू दे म्हणून."

"आठवण वेगळी आणि पत्ता वेगळा," दादा म्हणाला. "महिने आपण दोन-दोन सांभाळले. नदीकडे कुणी बघितलंच नाही."

माझी चूक दुरुस्त व्हायला पाच मिनिटं लागली. दादाच्या दारात उभी राहून फोनवर जागेचे आकडे घेतले. पहिली टाचणी समोरच्या गोठ्यात पडली, दुसरी अचूक तुळशीपाशी. ते आकडे घातले. पूर्वजांचे परिच्छेद खाली ढकलले आणि सगळ्यात वर एकच वाक्य ठेवलं: झाशीत मराठी पद्धतीने पूजा सांगतो. घोड्यांचं वाईट वाटलं.

दादाची चूक, तिला चूक म्हणावं की नाही इथूनच सुरुवात होती. उन्हाळाभर मी त्याला विचारायची, "काल पूजेत काय म्हणालास?" तो म्हणायचा, "गोदावरीच. तोंडात बसलंय. आणि बाबांनी म्हटलेलं मी कोण बदलणार?" मग आठ दिवसांनी आपणहून विचारायचा, "पण समजा बदललं, तर कोणती नदी?" पहूज जवळची, पण मे महिन्यात तिच्यात म्हैस बसली तर पाठ कोरडी राहते. शिवाय संकल्पात तिला कसं बसवायचं ते त्याला येत नव्हतं. बेतवा मोठी, तिचं वेत्रवती हे नाव पुराणांतलं. ठीक. पण आपण तिच्या कुठल्या तीरावर? आम्ही दोघं इथेच जन्मलो, ओरछाला शंभर वेळा जाऊन तिच्यात पाय बुडवून आलो, आणि दोघांनाही सांगता येईना. शेवटी मी फोनवर नकाशा उघडला. पश्चिम. दादाने आजोबांच्या वहीत पेन्सिलीने, अगदी फिकट, समासात तेवढा एक शब्द लिहिला. खोडरबराने पुसता येईल असा.

नाशिकचे फोन थांबले, फक्त चंद्रोदयवाल्या आजींनी सोडलं नाही. पण झाशीचेही येईनात. श्रावण झाला, दोन्ही झाले. वहिनीने माळ्यावरून ट्रंक काढली आणि तांब्याची भांडी घासून कोणती पुण्याला न्यायची, कोणती मंडळाला द्यायची असे ढीग केले. पळी-पंचपात्र कुठल्याच ढिगात नव्हतं. ते ती रोज या ढिगातून त्या ढिगात ठेवायची आणि दादा रोज संध्येसाठी उचलून न्यायचा. मी दुपारी डबा उघडायच्या आधीच शोधायला लागले होते. आमचं पान दिसायला लागलं होतं, कधी पाचवं, कधी सातवं. ते मी वहिनीला दाखवलं तर ती म्हणाली, "दिसतंय ते तुला. बोलावणार कोण?"

गणेश चतुर्थीला चार दिवस होते. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे वहिनीने लिहायला लावल्याप्रमाणे दुकान बंद. दादा घोरत होता. मी नि ती ट्रंकेपाशी बसलेलो. फोन वाजला. वहिनीने उचलला.

"नमस्ते जी," पलीकडून एक भरदार हरियाणवी आवाज. "वो मराठी वाले पंडित जी का नंबर है? नेट पे देखा. मैं कँट से बोल रहा हूँ. हमारी मिसेज़ कोल्हापुर से हैं. गणपति बैठाने हैं, और मैंने कहा कि मैं खुद कर लूँगा, तो वो रो रही हैं."

वहिनीने फोनवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग ट्रंकेकडे. मग हात काढून म्हणाली, "हाँ भैया, सही नंबर है. सो रहे हैं. रुकिए, उठाती हूँ. और मिसेज़ को बोलिए, चुप हो जाएँ."

चतुर्थीला सकाळी दादाबरोबर मीही गेले. साहित्याची पिशवी धरायला, असं सांगून. खरं म्हणजे मला बघायचं होतं. छावणीच्या फाटकावर एका जवानाने वही पुढे केली. नाम? कहाँ से आए हैं? किससे मिलना है? किस काम से? दादाने प्रत्येक खण सावकाश भरला आणि पेन परत देताना माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

घर नीटनेटकं, बंगल्याच्या पडवीत दोन बूट चकचकीत करून ठेवलेले. मुलीने नऊवारी नेसायचा प्रयत्न केला होता, तो मी आतल्या खोलीत जाऊन दुरुस्त केला. नवरा कुर्ता घालून सावधान बसावा तसा पाटावर बसला. दादाने त्याच्या तळव्यावर पळीभर पाणी दिलं आणि संकल्प सुरू केला. संवत्सर, अयन, ऋतू. महिना भाद्रपद, पक्ष शुद्ध. या पंधरवड्यात तरी उत्तर-दक्षिण भांडण नसतं. मग देश. मग दादा थांबला.

एक श्वास, फार तर दोन. त्या मुलाला वाटलं आपलंच काही चुकलं, त्याने पाठ आणखी ताठ केली. मी पिशवीचे बंद घट्ट धरले.

"वेत्रवत्याः पश्चिमे तीरे," दादा म्हणाला, आणि पुढे गेला. गोत्र विचारलं. मुलगा बोटांच्या फटीतून गळणारं पाणी सावरत म्हणाला, पता नहीं जी, मम्मी से पूछना पड़ेगा. दादाने त्याला कश्यप गोत्र देऊन टाकलं. ज्याला माहीत नसतं त्याचं तेच असतं. पाणी ताम्हनात पडलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मोदक मात्र त्या मुलीने पहिल्यांदाच केले होते, ते सगळ्यांच्या लक्षात राहतील.

परतताना रिक्षा केली. छावणीचे शांत रस्ते संपून सिव्हिल लाइन्सची गर्दी सुरू झाली तेव्हा त्याने विचारलं, "तुझ्या त्या यंत्रात हिरवी खूण येते ना, बरोबर झालं म्हणून. संकल्पात कुठे येते?"

"यात नाही येत दादा."

"मग पोचलं असेल?"

"भैया म्हणतो, गारंटी नहीं है."

दादाने मान हलवली. पिशवीतून पंचपात्र काढून उपरण्याच्या टोकाने आतून पुसलं आणि पुन्हा आत ठेवलं.

"मग पुढच्या वर्षी परत सांगावं लागेल," तो म्हणाला. "वहिनीला सांग, ट्रंक माळ्यावर टाक."